इटालियन आख्यातरूपांतील अक्षरविभाग व आघात : एक ऐतिहासिक विचार

इटालियन भाषेत 'कापितानो' ह्या एकाच वर्णसमूहाचे तीन उच्चार संभवतात आणि तिन्हींचे अर्थ भिन्न आहेत. पहिल्या अक्षरावर आघात दिला असता 'घडतात' ह्या अर्थाचे तृतीय पुरुषी अनेकवचनी आख्यात होते. तिसऱ्या अक्षरावर दिला असता 'सेनानायक' ह्या अर्थाचे नाम होते. आणि अखेरच्या अक्षरावर दिला असता 'त्याने नेतृत्व केले' ह्या अर्थाचे भूतकाळी आख्यात होते. (मराठीतील 'कप्तान' हा पोर्तुगीज वाटेने आलेला शब्द ह्यांतील दुसऱ्याचाच भाऊबंद होय.) छापील पृष्ठावर ह्यांपैकी केवळ तिसऱ्या रूपावर आघातचिन्ह येते, पहिली दोन रूपे लेखनात तंतोतंत सारखी दिसतात. म्हणजे वाचकाला आघाताचे स्थान पृष्ठावरून कळत नाही. ते त्याला आधीच ठाऊक असावे लागते. हे ज्ञान इटालियन भाषकाला कोठून मिळते, आणि भाषेच्या इतिहासात ते कसे घडत गेले, हा प्रश्न वरवर पाहता परकीय भाषेच्या व्याकरणातील एक क्षुल्लक तपशील वाटेल. पण भाषेतील परिवर्तन ध्वनीच्या नियमाने होते की रूपांच्या परस्परसादृश्याने होते, ह्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या वादाची जी मोजकी उत्तम परीक्षास्थळे आहेत, त्यांत इटालियन आख्याताची गणना करावी लागते.

प्रस्तुत विवेचनात 'अक्षर' हा शब्द लिपीतील चिन्ह ह्या अर्थाने नव्हे, तर उच्चाराचा एक अवयव ह्या अर्थाने योजिला आहे. अक्षरे आडव्या रेषेने तोडून दाखविली आहेत व आघातयुक्त अक्षराच्या आधी ' हे चिन्ह दिले आहे. त्यानुसार उपरिनिर्दिष्ट तीन रूपे 'का-पि-ता-नो, का-पि-'ता-नो व का-पि-ता-'नो अशी लिहिता येतात.

इटालियन आघाताचा इतिहास लॅटिनपासून सुरू होतो. अभिजात लॅटिनमधील आघाताचा नियम मराठी वाचकाला समजण्यास अवघड नाही, कारण तो आपल्या छंदःशास्त्रातील गुरु-लघु विचारावरच उभा आहे. उपांत्य अक्षर गुरु असेल, म्हणजे त्यातील स्वर दीर्घ असेल किंवा ते व्यंजनान्त असेल, तर आघात त्याच्यावर. लघु असेल तर त्याच्या मागील अक्षरावर. आघात अंत्य अक्षरावर सहसा नाही, आणि शेवटून तिसऱ्या अक्षराच्या मागे तर कधीच नाही. संस्कृत छंदःशास्त्राशी येथे एकच महत्त्वाचा भेद आहे. संस्कृतात कोणत्याही जोडाक्षरामागील अक्षर गुरु होते. लॅटिनमध्ये स्पर्श व्यंजन आणि र् किंवा ल् ह्यांचा संयोग असेल तर मागील अक्षर लघु राहू शकते, कारण ती दोन्ही व्यंजने पुढील अक्षरात जातात. ह्या भेदाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

लॅटिनमधील दीर्घ-ह्रस्व भेद बोलभाषेतून नाहीसा झाला, तरी त्या भेदाने नेमून दिलेले आघाताचे स्थान मात्र बहुतांशी अढळ राहिले. रोमान्स भाषांच्या तौलनिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्या फ्रीड्रिख डीत्स ह्यांच्या व्याकरणापासून (१८३६ व पुढे) हे तत्त्व सर्वमान्य झाले आहे. कारण गेले आणि कार्य उरले, असा हा प्रकार आहे. नामांच्या बाबतीत एवढ्यावर विषय संपतो. आख्यातांच्या बाबतीत तो येथून सुरू होतो. कारण नाम एकटे असते, तर आख्यात हे आपल्या सर्व भावंडांसह, पुरुष, वचन व काळ ह्यांच्या कोष्टकात वावरत असते, आणि त्या भावंडांचे एकमेकांवर सतत लक्ष असते.

प्रथम तृतीय पुरुषी अनेकवचन पाहू. लॅटिनमधील 'कान्-तान्त् (ते गातात) हे रूप दोन अक्षरांचे. अंत्य त् लोपला तेव्हा 'कान्-तान् एवढे उरले. त्याला टस्कनी प्रांतात एक -ओ जोडला गेला. 'असणे' ह्या धातूच्या 'सो-नो ह्या रूपाच्या सादृश्याने तो आला असे सामान्यतः मानले जाते. फ्लॉरेन्स येथील एका सावकारी पेढीच्या १२११ सालच्या हिशेबपत्रांत 'त्यांनी द्यावयाचे आहे' ह्या अर्थी 'दियोनो' असे रूप आढळते, त्यावरून ही -नोकारान्त घडण त्या काळी रुळलेली होती हे उघड आहे. परिणाम असा झाला की 'कान्-ता-नो हे रूप तीन अक्षरांचे झाले व आघात मूळ स्थानीच राहिला. धातू दोन अक्षरांचा असेल तर ही गोष्ट आणखी पुढे जाते. लॅटिन 'हा-बि-तान्त् (ते राहतात) ह्यात आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर, म्हणजे लॅटिनने आखलेल्या सीमारेषेवर होता. इटालियन 'आ-बि-ता-नो ह्यात तो चौथ्या अक्षरावर गेला. आघात हलला नाही. शब्दच मागून लांबला. अशा रीतीने ज्या भाषेने लॅटिनचा आघात सर्वाधिक निष्ठेने राखला, तिच्यातच लॅटिनला सर्वथा अशक्य असलेली आघातस्थाने निर्माण झाली. ही घडण जुन्या धातूंपुरती मर्यादित नाही. एकोणिसाव्या शतकातील नव्या यंत्राच्या नावावरून घडलेल्या धातूचे रूपही ते-'ले-फो-ना-नो (ते दूरध्वनी करतात) असेच होते; तेथे आघात शेवटून चौथ्या अक्षरावर आहे व तो सर्वांना स्वाभाविक वाटतो.

इटालियन व्याकरणकारांनी आघातस्थानानुसार शब्दांना दिलेली नावे मोठी बोलकी आहेत. अंत्याघाती शब्द 'त्रोन्को', म्हणजे छाटलेला. उपांत्याघाती 'प्यानो', म्हणजे सपाट. शेवटून तिसऱ्या अक्षरावर आघात असलेला 'झ्द्रुच्चोलो', म्हणजे निसरडा. चौथ्या अक्षरावर आघात असलेल्याला 'दुप्पट निसरडा' म्हणतात. ह्या अखेरच्या वर्गात मोडणारे शब्द जवळजवळ सर्व आख्यातेच आहेत, हे विसरता कामा नये.

सोपसर्ग धातूंचा इतिहास ह्याच्या उलट दिशेचा आहे. तेथे आघात खरोखरच हलला. लॅटिन 'कोन्-ति-नेत् (त्यात आहे, धारण करतो) ह्या शब्दात नियमानुसार आघात उपसर्गावर होता, आणि आघातहीन झाल्यामुळे मूळ धातूतील ए ह्या स्वराचा इ झालेला होता. पण बोलणाऱ्यांना शब्दात उपसर्ग आणि धातू ही दोन अंगे स्पष्ट दिसत होती. म्हणून त्यांनी धातूला त्याचा स्वर परत दिला आणि आघातही दिला : कोन्-'ते-नेत्. इटालियन बोलीचा पहिला निःसंदिग्ध लेखी पुरावा म्हणून मान्य झालेल्या, ९६० साली कापुआ येथे झालेल्या जमिनीच्या वादातील साक्षीत 'कोन्तेने' हेच रूप आले आहे. लॅटिन न्यायपत्राच्या मध्यभागी लेखनिकाने साक्षीदाराच्या तोंडचे जे थोडे शब्द लिहून ठेवले, त्यांतील एका शब्दाचा एक स्वर आघाताची हकीकत सांगून जातो. 'दिस्-प्लि-चेत् पासून आलेले दिस्-'प्या-चे (वाईट वाटते) व 'कोन्-वे-नित् पासून आलेले कोन्-'व्ये-ने (योग्य आहे) हीही ह्याच वर्गातील. (लॅटिन रूपे येथे उत्तरकालीन उच्चारानुसार लिहिली आहेत.) ह्याउलट जेथे उपसर्गाची जाणीव बुजून गेली होती, तेथे आघात जागचा हलला नाही. 'वेचणे' ह्या अर्थाच्या 'कोल्-लि-जित् चे इटालियनमध्ये 'कोल्ल्ये' झाले आणि 'गणना करणे' ह्या अर्थाच्या 'कोम्-पु-तात् चे 'कोन्-ता झाले. एकाच घडणीच्या शब्दांचे असे दोन मार्ग झाले ते ध्वनींच्या भिन्नतेमुळे नव्हे. बोलणाऱ्याच्या मनात शब्दाचे पृथक्करण जिवंत होते की नव्हते, एवढाच फरक. केवळ ध्वनिनियमाने सर्व काही उलगडते असे म्हणणाऱ्यांपुढे ही अडचण कायमची उभी आहे.

तुमन्त रूपांत तर दोन गणांची देवाणघेवाणच झाली. लॅटिनमध्ये दुसऱ्या गणाचे तुमन्त उपांत्याघाती व तिसऱ्याचे उपांत्यपूर्वाघाती होते. स्पॅनिशने हे दोन्ही गण एक करून भेद मिटविला. इटालियनने तो आजतागायत जतन केला आहे : वे-'दे-रे (पाहणे), पण 'लेज्-जे-रे (वाचणे). मात्र भेद जतन झाला तरी सगळे धातू आपापल्या घरी राहिले नाहीत. लॅटिनमधील 'सा-पे-रे (जाणणे) आणि 'का-दे-रे (पडणे) हे तिसऱ्या गणातून दुसऱ्यात आले व सा-'पे-रे, का-'दे-रे झाले; उलट रि-'दे-रे (हसणे), मोर्-'दे-रे (चावणे), रेस्-पोन्-'दे-रे (उत्तर देणे) हे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन 'रि-दे-रे, 'मोर्-दे-रे, रिस्-'पोन्-दे-रे झाले.

सादृश्याची शक्ती किती लहरी असते, हे भूतकाळाच्या रूपांत स्पष्ट दिसते. 'आम्ही गात होतो' ह्या अर्थाचे लॅटिन रूप कान्-ता-'बा-मुस्. स्पॅनिश भाषकांनी एकवचनी रूपांच्या सादृश्याने आघात एक अक्षर मागे ओढला व कान्-'ता-बा-मोस् केले. त्यामुळे त्या काळाच्या सर्व रूपांत आघात एका स्तंभात आला. इटालियनने तसे केले नाही. कान्-ता-'वा-मो हे लॅटिनशी प्रामाणिक राहिले. पण संभावनार्थी भूतकाळात त्याच इटालियनने कान्-तास्-'से-मुस् चे कान्-'तास्-सि-मो केले, म्हणजे तेथे स्पॅनिशप्रमाणेच आघात स्तंभात बसविला. एकाच भाषेने, एकाच पुरुष-वचनात, एका अर्थात परंपरा राखली आणि दुसऱ्यात सोडली. ध्वनिनियम अपवादरहित असतात, असे प्रतिपादन लाइप्त्सिगच्या नवव्याकरणकारांनी १८७० नंतरच्या दशकात केले, तेव्हा अपवाद दिसेल तेथे सादृश्याचे नाव घेण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती. पण सादृश्य केव्हा लागू होते आणि केव्हा होत नाही ह्याचा नियम त्यांच्यापाशी नव्हता. ग्रात्सियादियो आस्कोली व हूगो शूखार्ट ह्यांनी १८८५ ते १८८७ ह्या काळात त्यांच्यावर जी टीका केली, तिला रोमान्स भाषांच्या अभ्यासाचे बळ होते, हा योगायोग नव्हे.

आता अक्षरविभागाकडे वळू. बोललेला शब्द प्राचीन काळी कोठे तोडला जाई, हे कोणत्याही हस्तलिखितावरून सांगता येत नाही. इटालियनमध्ये मात्र त्याचा पुरावा खुद्द आख्यातरूपांतच जपून राहिला आहे. लॅटिनमधील ह्रस्व ए व ह्रस्व ओ हे स्वर आघातयुक्त असून अक्षर मुक्त, म्हणजे स्वरान्त असेल, तर फ्लॉरेन्सच्या भाषेत त्यांचे अनुक्रमे ये व वो असे संयुक्त स्वर झाले. अक्षर बद्ध, म्हणजे व्यंजनान्त असेल तर झाले नाहीत. आघात नसेल तरीही झाले नाहीत. 'धरणे' ह्या अर्थाचा ते-'ने-रे हा धातू घेतला तर 'त्ये-ने (तो धरतो) येथे अक्षर मुक्त आहे व आघात आहे, म्हणून संयुक्त स्वर. 'तेन्-गो (मी धरतो) येथे आघात आहे पण अक्षर बद्ध, म्हणून साधा स्वर. ते-'न्या-मो (आम्ही धरतो) येथे अक्षर मुक्त आहे पण आघात नाही, म्हणून पुन्हा साधा स्वर. 'मरणे' ह्या धातूत 'म्वो-रे (तो मरतो), 'मोर्-तो (मेलेला), मो-'र्या-मो (आम्ही मरतो) अशी हीच त्रिविध घडण आहे. 'दुखणे' ह्या अर्थाच्या धातूची साक्ष अधिक सूक्ष्म आहे. 'द्वो-ले (दुखते) ह्यात संयुक्त स्वर आहे, पण जुन्या 'दोल्-ल्यो (मला दुःख होते) ह्या रूपात नाही. लेखनात हे तालव्य व्यंजन द्वित्त दिसत नाही. तरी दोन स्वरांमध्ये त्याचा उच्चार द्वित्तच होतो, आणि त्यामुळे मागील अक्षर बद्ध झालेले आहे. लेखनाने लपविलेली गोष्ट स्वराने उघड केली.

ह्याच कसोटीने एका जुन्या वादाचा निकाल लागतो. इटालियन शुद्धलेखनात ओळीच्या शेवटी शब्द तोडताना स् व त्यापुढील व्यंजन ही एकत्र ठेवून पुढच्या ओळीत न्यावीत असा नियम आहे. शाळेत फे-स्ता (सण) असेच तोडावयास शिकवितात. परंतु लॅटिनमधील त्या शब्दाचा ए ह्रस्व होता व त्यावर आघात होता. अक्षर खरोखर मुक्त असते तर शब्द 'फ्ये-स्ता' झाला असता. तो तसा झाला नाही, त्या अर्थी उच्चारात अक्षर 'फेस्-ता असेच तुटत होते. 'वस्त्र घालणे' ह्या धातूचे 'वेस्-ते हे रूपही तेच सांगते. ह्याउलट 'दगड' ह्या अर्थाचा लॅटिन 'पे-त्रा इटालियनमध्ये 'प्ये-त्रा झाला. येथे त् आणि र् ही दोन्ही पुढील अक्षरात गेल्यामुळे मागील अक्षर मुक्त राहिले. लॅटिन छंदःशास्त्रातील जो भेद वर नमूद केला, तोच येथे एका रोमान्स भाषेच्या स्वरपद्धतीत उमटलेला दिसतो. शाळेतील नियम चुकीचा आहे असे ह्यावरून म्हणण्याचे कारण नाही, कारण तो लेखनाचा नियम आहे. परंतु तो उच्चाराचा नियम म्हणून पुढे केला जातो तेव्हा त्यास हरकत घेणे प्राप्त आहे.

ही त्रिविध घडण आता हळूहळू ढासळत आहे. 'हलविणे', 'वाजविणे' ह्या अर्थांच्या धातूंत म्वो-'व्या-मो, स्वो-'न्या-मो अशी आघातहीन स्थानीही संयुक्त स्वर असलेली रूपे रूढ झाली आहेत. मो-'व्या-मो, सो-'न्या-मो ही जुनी रूपे पुस्तकी वाटू लागली आहेत. 'धरणे', 'येणे', 'मरणे', 'बसणे' अशा अतिपरिचित धातूंनी तेवढा जुना भेद टिकवून धरला आहे. नित्य वापरातील शब्द सादृश्याला सहसा दाद देत नाहीत, हा अनुभव मराठीच्या अभ्यासकांनाही आहे.

भविष्यकाळाची रूपे ही मुळात दोन शब्दांची एकजूट होय : 'गाणे' ह्या अर्थाचे तुमन्त आणि 'मजपाशी आहे' ह्या अर्थाचे साहाय्यक आख्यात. जोड पक्की झाल्यावर मुख्य आघात साहाय्यकाकडे, म्हणजे शब्दाच्या अखेरीस गेला, आणि तुमन्तातील पूर्वीचे सबळ आ आघातहीन झाले. फ्लॉरेन्सच्या बोलीत र् पूर्वीच्या अशा आघातहीन आ चा ए होतो, म्हणून कान्-ते-'रो (मी गाईन). शेजारच्या सिएना नगरीत नेमका उलट कल होता. तेथे ए असलेल्या धातूंतही आ येई. 'येणे' व 'धरणे' ह्यांच्या बाबतीत आघातहीन स्वर समूळ गळाला, न् व र् एकत्र आले आणि वेर्-'रो, तेर्-'रो झाले. अंत्याघाताचे चिन्ह छापण्याची पद्धत सोळाव्या शतकात हळूहळू रूढ झाली. आल्दुस मानुत्सियुस ह्या मुद्रकाने पिएत्रो बेम्बो ह्यांच्या संपादकत्वाखाली १५०१ साली व्हेनिस येथे पेत्रार्काच्या काव्याची जी आवृत्ती काढली, तिला ह्या इतिहासात मानाचे स्थान आहे. पुढे १५२५ साली बेम्बो ह्यांनी भाषाविषयक संवादग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आघाताच्या स्थानानुसार शब्दाला येणारे गांभीर्य व माधुर्य ह्यांची चर्चा आहे. पद्यरचनेला ह्या चर्चेचे महत्त्व होतेच. इटालियन एकादशाक्षरी चरणात शेवटचा नियत आघात दहाव्या अक्षरावर येतो. त्यापुढे एक अक्षर आले काय, दोन आली काय किंवा एकही आले नाही काय, चरण एकादशाक्षरीच गणला जातो. अक्षरगणवृत्तांत वाढलेल्या वाचकाला ही सवलत चमत्कारिक वाटेल.

एक अवांतर गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ज्या फ्लॉरेन्स नगरीची आख्यातरूपे पुढे साऱ्या इटलीत प्रमाण ठरली, तेथीलच फिलिप्पो सास्सेत्ती हा व्यापारी १५८३ साली हिंदुस्थानात आला, कोचीन व गोवा येथे राहिला आणि १५८८ साली गोव्यातच वारला. संस्कृतातील सहा ते नऊ ह्या संख्यांची नावे, तसेच 'देव' व 'सर्प' हे शब्द इटालियनशी जुळतात हे त्याने आपल्या पत्रात नोंदविले होते. त्याची दृष्टी नामांवर पडली. आख्यातांच्या तुलनेतून भाषाकुल सिद्ध होण्यास फ्रान्त्स बॉप ह्यांच्या १८१६ सालच्या ग्रंथाची वाट पाहावी लागली. आघाताचा विचार त्याहूनही उशिरा आला. मराठीच्या स्वरपरिवर्तनात प्राचीन आघाताच्या खुणा शोधण्याचा यत्न राल्फ टर्नर ह्यांनी १९१६ साली केला, तेव्हा त्यांची अडचण हीच होती की मधल्या काळातील आघात कोणी लिहून ठेवलेला नव्हता. इटालियनच्या अभ्यासकाला एका टोकास लॅटिन पद्य आणि दुसऱ्या टोकास जिवंत बोली अशी दोन्ही प्रमाणे उपलब्ध आहेत.

आज्ञार्थी रूपाला सर्वनामे मागून जोडली जातात तेव्हा आघाताची पिछेहाट पराकोटीस पोहोचते. 'पोर्-ता (आण), 'पोर्-ता-मे-लो (मला ते आण) येथे आघात चौथ्या अक्षरावर. 'फाब्-ब्रि-का-मि-चे-लो (मला ते तेथे बनवून दे) येथे तो शेवटून सहाव्या अक्षरावर जातो. हे रूप बाजारात नित्य ऐकू येईल असे नव्हे, परंतु ते व्याकरणाला मान्य आहे. एकाक्षरी आज्ञार्थाला सर्वनाम जोडले की व्यंजनाचे द्वित्त होते : 'दाम्-मि (मला दे), 'दिम्-मि (मला सांग). शब्दाच्या अखेरीस असलेला आघातयुक्त स्वर आखूड असतो, आणि आखूड आघातयुक्त अक्षर शब्दाच्या मध्ये आले की ते बद्ध व्हावे लागते. त्याचाच हा परिणाम. नेपल्सच्या बोलीने मात्र वेगळी वाट धरली आहे. तेथे दोन सर्वनामे जोडली गेली म्हणजे शब्दाच्या उपांत्य अक्षरावर नवा आघात बसतो. लॅटिनच्या सीमारेषेचे भान प्रमाणभाषेने सोडले, बोलीने राखले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

आघात लिहिला जात नसल्यामुळे विद्वज्जनांनी लॅटिन ग्रंथांतून उचललेल्या धातूंचे काय करावे, हा प्रश्न इटालियनमध्ये अद्याप मिटलेला नाही. 'टाळणे' ह्या अर्थाच्या धातूत लॅटिनचा इ दीर्घ होता, त्यामुळे ए-'वि-तो (मी टाळतो) हे व्युत्पत्तीस धरून. परंतु प्रचार 'ए-वि-तो चा आहे व कोशांनीही तोच स्वीकारला आहे. 'परिश्रमाने रचणे' ह्या अर्थाच्या लॅटिन ए-ला-'बो-रो चे ए-'ला-बो-रो झाले, त्याबद्दल आज कोणी तक्रार करीत नाही. मात्र 'मूल्य ठरविणे' ह्या अर्थी वा-'लु-तो ऐवजी 'वा-लु-तो म्हणणाऱ्यास अशिक्षित समजण्यात येते. नभोवाणीमुळे हा प्रश्न एकाएकी सार्वजनिक झाला. जूलियो बेर्तोनी व फ्रान्चेस्को उगोलीनी ह्यांनी १९३९ साली इटालियन नभोवाणीसाठी उच्चार-लेखनाची मार्गदर्शिका तयार केली, आणि १९६९ साली मिल्योरीनी, ताल्यावीनी व फ्योरेल्ली ह्यांचा उच्चारकोश त्याच क्षेत्रातून बाहेर पडला. त्यात 'मन वळविणे' ह्या अर्थाचे तुमन्त पेर्-स्वा-'दे-रे असे उपांत्याघाती दिले आहे व पेर्-'स्वा-दे-रे हा उच्चार त्याज्य ठरविला आहे. लॅटिनकडे पाहता कोशकारांचे म्हणणे निर्विवाद बरोबर आहे. परंतु हा त्याज्य उच्चार करणारे लोक त्या धातूला दुसऱ्या गणातून तिसऱ्या गणात नेत आहेत. आणि 'हसणे', 'चावणे' व 'उत्तर देणे' ह्या धातूंच्या बाबतीत त्यांच्या पूर्वजांनी जे केले व जे आज कोशात शुद्ध म्हणून छापले जाते, त्याहून ह्या कृतीत भाषाशास्त्रदृष्ट्या निराळे असे काहीही नाही.